उघडा जस्ती पत्रा

सिन्नर तालुक्यातल्या एका पशुखाद्याच्या कारखान्यात, पोती भरणाऱ्या यंत्राच्या शेजारी, हे कंट्रोल पॅनेल उभं आहे. बनलं नाशिकच्या अंबडमधल्या एका छोट्या वर्कशॉपात. उंची दोन मीटर, रुंदी बाराशे मिलिमीटर, बाहेरून आरएएल ७०३५ ची फिकट करडी पावडर कोटिंग. अंबड-सातपूरमधून रोज टेम्पोत चढणाऱ्या पॅनेलांच्या गर्दीत ते बाहेरून वेगळं ओळखू येणार नाही. दार उघडलं की ओळखू येतं, कारण आतली माउंटिंग प्लेट नारिंगी नाही.

आपल्याकडे करड्या कपाटात नारिंगी प्लेट हे इतकं ठरून गेलंय की रंग कोणता हे पॅनेलवाला विचारतही नाही. इथे मात्र अडीच मिलिमीटर जाडीचा उघडा जस्ती पत्रा आहे, त्यावर जस्ताची ती फुलाफुलांची नक्षीही तशीच दिसते. पहिल्यांदा पाहणाऱ्या खरेदी अधिकाऱ्याला वाटावं की यांनी रंगाचे पैसे वाचवले. मला या पॅनेलचं सगळं मोल त्या न रंगवलेल्या पत्र्यात दिसतं. कवितेत एखादा साधा शब्द असतो आणि तो तसाच का ठेवला हे कळलं की बाकीच्या ओळी उलगडत जातात. रसग्रहणाची सुरुवात अशा शब्दापासून करावी. इथे सुरुवात पत्र्यापासून.

नाशिकला पॅनेलची नजर आहे. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, सातपूर आणि पुढे अंबड वसलं, एबीबी, सीमेन्स, क्रॉम्प्टन यांच्यासारख्या विजेच्या सामानाच्या मोठ्या कंपन्या इथे आल्या, आणि त्यांच्या आसऱ्याने पत्रा कापणारे, वाकवणारे, पावडर कोटिंगवाले, बसबार ठोकणारे आणि वायरिंगचं जॉबवर्क घेणारे असे शेकडो हात तयार झाले. त्यामुळे वायरिंगचं ड्रेसिंग कसं झालंय, फेरूलचे नंबर एका रेषेत वाचता येतात का, डक्टची झाकणं नीट बसतात का, हे इथला माणूस दार उघडताच सांगतो. या सगळ्यात सौंदर्य आहे आणि मला ते मनापासून आवडतं. पण ज्या गुणाबद्दल मी लिहितोय तो या नजरेला दिसत नाही. मेगर लावून, बझर वाजवून कंटिन्युटी पाहून तो कळत नाही. यंत्र सुरू झाल्यावर, आणि कधी कधी तीन महिन्यांनी, त्याच्या नसण्यामुळेच तो कळतो.

पॅनेलच्या पोटात काय काय नांदतं ते आधी पाहू. उजवीकडे खालच्या अंगाला साडेसात किलोवॅटचा ड्राइव्ह आहे. हॉपरमध्ये खाद्य ढकलणाऱ्या स्क्रूची मोटर तो चालवतो. ४१५ व्होल्टचा पुरवठा तो आधी डीसी करून घेतो, म्हणजे त्याच्या आत साधारण ५९० व्होल्ट उभे असतात. मग आयजीबीटी हे स्विच ते व्होल्टेज मोटरच्या तारांवर चढवतात आणि उतरवतात. स्विचिंग इथे ४ किलोहर्ट्झला ठेवलंय. तीन फेज, प्रत्येकीला एका आवर्तनात एक चढ आणि एक उतार, म्हणजे सेकंदाला २४,००० उड्या. यातली प्रत्येक उडी १०० नॅनोसेकंदांच्या आसपास पूर्ण होते. सेकंदाचा एक कोटीवा भाग झाला हा.

डावीकडे वरच्या अंगाला वजनाचा ट्रान्समीटर आहे. हॉपर तीन लोड सेलवर बसलेला, प्रत्येक सेल १०० किलोचा. दहा व्होल्ट दिले की पूर्ण भाराला २० मिलिव्होल्ट परत येतात. ३०० किलोला २० मिलिव्होल्ट, म्हणजे एका किलोला ६७ मायक्रोव्होल्ट, आणि पोत्यातल्या १० ग्रॅमला एका मायक्रोव्होल्टहूनही कमी. ५९० व्होल्टची उडी आणि मायक्रोव्होल्टच्या अंशातलं वजन एकाच कपाटात, एकमेकांपासून हातभर अंतरावर. त्यांना एकत्र नांदवायचं हे या रचनेचं आव्हान आहे.

आता या उड्यांमुळे नेमकं काय होतं? मोटरच्या वाइंडिंगची तिच्या लोखंडी बॉडीशी धारिता असते. मोटर केबलच्या तारांची त्यांच्याभोवतीच्या धातूच्या जाळीशी, म्हणजे शील्डशी असते. नॅनोफॅराडमध्ये मोजावी इतकी क्षुल्लक ही धारिता. पन्नास हर्ट्झच्या हिशेबात तिला कोणी विचारत नाही. पण १ नॅनोफॅराडवर ५९० व्होल्ट १०० नॅनोसेकंदांत चढले, तर तेवढ्या क्षणापुरता जवळजवळ ६ अँपियर प्रवाह तिच्यातून जातो. हा प्रवाह मोटरच्या बॉडीवर उतरतो. तो ड्राइव्हमधून निघालाय, म्हणून त्याला ड्राइव्हकडेच परत जायचंय. सगळं मर्म या परतीत आहे. तो कोणत्या वाटेने परतणार, हे पॅनेल बनवणाऱ्याने ठरवून ठेवलं तर ठीक; नाही ठरवलं तर तो स्वतः ठरवतो. मग मशीनच्या सांगाड्यातून, केबल ट्रेमधून, लोड सेलच्या शील्डमधून, ट्रान्समीटरच्या शून्य व्होल्टमधून, जिथून जमेल तिथून तो घर गाठतो. काही प्रवाह मोटरच्या बेअरिंगमधूनही जातो आणि कालांतराने बेअरिंगच्या रिंगवर बारीक आडव्या खाचा पाडतो. सिन्नर-अंबडच्या मेंटेनन्सवाल्यांनी अशी बेअरिंगं पाहिलेली असतात, फक्त ग्रीस कमी पडलं असं त्यांना वाटलेलं असतं.

वाट ठरवून द्यायची तर तार लावली की झालं, असं कोणीही म्हणेल. हिरवी-पिवळी तार लावलेलीच असते. तिथेच गणित बघावं लागतं. एक मीटर तारेचं इंडक्टन्स ढोबळमानाने एक मायक्रोहेन्री. पन्नास हर्ट्झला त्याचा अडथळा एका ओहमच्या हजाराव्या भागाहूनही कमी. शंभर नॅनोसेकंदांची उडी मात्र तीन मेगाहर्ट्झपर्यंतची वारंवारता घेऊन येते, आणि तीन मेगाहर्ट्झला त्याच एक मीटर तारेचा अडथळा १९ ओहम होतो. दुसऱ्या बाजूने मोजा: ६ अँपियर १०० नॅनोसेकंदांत वाढले की एक मीटर तारेच्या दोन टोकांत ६० व्होल्ट उभे राहतात. मल्टिमीटर ज्या तारेला शून्य ओहम म्हणतो, तिच्या दोन टोकांत ६० व्होल्ट! सेकंदाला हजारो वेळा. आणि आपला ट्रान्समीटर मायक्रोव्होल्टच्या अंशावर वजन वाचायला बसलाय.

जाड तार लावली तर? फारसा फरक पडत नाही. इतक्या वेगाचा प्रवाह तांब्याच्या वरच्या थरातच वाहतो. तीन मेगाहर्ट्झला हा थर मिलिमीटरचा पंचविसावा भाग, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. सोळा चौरस मिलिमीटरच्या तारेच्या गाभ्यातलं तांबं त्याच्या काही कामाचं नसतं. त्याला हवा पृष्ठभाग, रुंदी. जवळजवळ कपाटाइतका रुंद धातूचा सलग पत्रा त्याला मिळाला की अडथळा इतका खाली येतो की पत्र्यावरच्या कोणत्याही दोन बिंदूंत सांगण्याजोगं व्होल्टेज उरत नाही. ड्राइव्ह या पत्र्यावर, फिल्टर या पत्र्यावर, ट्रान्समीटर या पत्र्यावर, पीएलसी या पत्र्यावर. सगळ्यांचं शून्य एकच.

म्हणून तो उघडा आहे. पावडर कोटिंगचा साठ-ऐंशी मायक्रॉनचा थर हा उत्तम इन्सुलेटर आहे. नारिंगी प्लेटवर बसवलेला ड्राइव्ह यांत्रिक दृष्टीने प्लेटवर असतो आणि विजेच्या दृष्टीने अधांतरी. चार बोल्टांच्या आट्यांतून जेवढा संपर्क होईल तेवढाच. या पॅनेलात ड्राइव्हची सगळी पाठ जस्तावर टेकलेली आहे. नारिंगी प्लेटची बाजूही मांडली पाहिजे. ती आपल्याकडे रुळली तेव्हा पॅनेलात कॉन्टॅक्टर, टायमर आणि रिले असायचे. रिलेला हलायला काही मिलिसेकंद लागतात. नॅनोसेकंदांची उडी त्याला जाणवतच नाही. गंज लागू नये एवढंच प्लेटकडून अपेक्षित होतं. आयजीबीटीचे ड्राइव्ह आणि मायक्रोव्होल्ट वाचणारी इलेक्ट्रॉनिक्स एकाच कपाटात आली तेव्हा प्लेटचं काम बदललं, रंग मात्र तोच राहिला.

याच यंत्राच्या आधीच्या पॅनेलची गोष्ट इथे सांगितली पाहिजे. ते नारिंगी प्लेटचं होतं. स्क्रू सुरू झाला की वजनाचा आकडा दोनशे-तीनशे ग्रॅमनी नाचायचा, स्क्रू थांबला की शांत. मी पाहायला गेलो तेव्हा तिथल्या इलेक्ट्रिशियनने कामाची यादीच सांगितली.

"साहेब, अर्थिंगचे दोन पिट मारून झाले. दुसरा खास इलेक्ट्रॉनिकचा. त्याला बाकीचं काही टच होऊ दिलेलं नाही. पॉइंट आठ ओहम येतोय. तिसरा मारू का?"

"भाऊ, पिटपासून पॅनेलपर्यंत तार किती मीटर आहे?"

"बावीसेक असेल."

बावीस मीटर तार, तीन मेगाहर्ट्झला चारशे ओहमच्या वर. त्या टोकाला पिट पॉइंट आठचा असो की आठचा, ड्राइव्हच्या उड्यांतून उठणाऱ्या नॉइजला त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्या माणसाने काम प्रामाणिकपणे केलं होतं. कोळसा-मीठ भरलं होतं, पिटमध्ये पाणी टाकत होता, रजिस्टरमध्ये दर महिन्याचं रीडिंग होतं. पण दुखणं कपाटाच्या आत आणि खोदकाम कंपाउंडच्या भिंतीशी: आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

पिटवरची ही श्रद्धा आपल्याकडे फार खोल आहे आणि तिचं मूळ चुकीचं नाही. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी मोटरसारख्या उपकरणांना जमिनीशी दोन स्वतंत्र जोडण्या द्यायला सांगितल्या. आजही एमआयडीसीतल्या प्रत्येक मोटरच्या दोन अंगांना दोन जीआय पट्ट्या दिसतात त्या त्यामुळे. एक तुटली तर दुसरी शिल्लक राहावी, माणूस वाचावा, हा त्यामागचा शहाणपणा. आयएस ३०४३ ही अर्थिंगची भारतीय संहिता १९६६ मध्ये आली, १९८७ आणि २०१८ मध्ये सुधारली गेली; तिचाही मुख्य भर माणसाच्या आणि यंत्रणेच्या सुरक्षिततेवर, पन्नास हर्ट्झच्या फॉल्टवर. पुढे कधीतरी 'दोन स्वतंत्र जोडण्या' यातून 'दोन स्वतंत्र पिट' निघाले, आणि त्यातून 'इलेक्ट्रॉनिकचा पिट सगळ्यांपासून वेगळा' हा समज पक्का झाला.

हा शेवटचा समज निरुपयोगी तर आहेच, शिवाय जिवावर बेतणारा आहे. समजा पॅनेलची बॉडी फक्त वेगळ्या पिटला जोडलीय, पिट ३ ओहमचा, आणि ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलचा पिट १ ओहमचा. आत फेज बॉडीला लागली. प्रवाह मातीतून परतणार: २३० भागिले ४, म्हणजे साधारण ५७ अँपियर. ३२ अँपियरचा सी-कर्व्ह एमसीबी तत्काळ पडायला किमान १६० अँपियर लागतात. तो रेंगाळणार, आणि तोवर पॅनेलच्या दाराच्या हँडलवर १७० व्होल्ट उभे. हेच धातूच्या सलग वाटेने, तारेने, न्यूट्रल बिंदूशी जोडलेलं असतं तर शेकडो अँपियर वाहून एमसीबी डोळ्याचं पातं लवण्याआधी पडला असता. मे महिन्यातल्या वळवाच्या विजांचीही हीच कथा. जवळ वीज पडली की दोन वेगळ्या पिटांमध्ये क्षणभर हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो, आणि तो फरक ज्या केबलने दोन पॅनेलं जोडलेली असतात तिच्या टोकांच्या कार्डांवर फुटतो. वळीव झाल्यावर कम्युनिकेशन पोर्ट जळाल्याच्या तक्रारी का येतात, याचं एक उत्तर इथे आहे. पिट कितीही असोत, ते सगळे एकमेकांना जोडलेले हवेत. आयईसीचा १९९७ चा ६१०००-५-२ हा अहवालही एकच जोडलेली, जाळीदार अर्थिंग व्यवस्था सुचवतो.

त्यात आपली नाशिकची जमीन. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली दख्खनचा काळा पाषाण. ओल्या काळ्या मातीची रोधकता १० ओहम-मीटरच्या घरात असली तर ३ मीटर लांब, ४० मिलिमीटर व्यासाचा पाइप ३ ओहम देतो. १०० ओहम-मीटरच्या जमिनीत तोच पाइप ३० ओहम देतो, आणि कोरड्या खडकात त्याच्याही कितीतरी वर. सिन्नरच्या बाजूला मीटरभर खणलं की खडक लागतो असे प्लॉट आहेत. तिथे एप्रिल-मे मध्ये एक ओहम मिळवण्यासाठी माणसं काय काय करतात ते पाहिलं की हळहळ वाटते, कारण त्यातले कष्ट नॉइज घालवण्यासाठी असतील तर ते वाया जाणार आहेत. नॉइज आवरायला पिट लागतच नाही, याचा दाखला जवळच आहे. नाशिकपासून वीसेक किलोमीटरवर ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात सुखोई-३० एमकेआय विमानं बनली. रडार, रेडिओ, इंजिनाचं नियंत्रण, सगळं एका धातूच्या कवचात. विमान आकाशात गेलं की त्याला कुठला पिट? तिथे सगळी इलेक्ट्रॉनिक्स शांत राहते कारण विमानाच्या अंगाचा प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्याशी विजेच्या दृष्टीने घट्ट जोडलेला असतो. बेल लॅब्जमध्ये काम केलेल्या हेन्री ऑट यांनी १९७६ मध्ये नॉइज कमी करण्याच्या तंत्रांवर जे पुस्तक लिहिलं, त्या परंपरेतल्या अभियंत्यांचा आग्रह हाच राहिला आहे: प्रवाह वर्तुळात वाहतो, म्हणून त्याची परतीची वाट आधी शोधा.

आता पुन्हा दार उघडून पॅनेल ओळीने वाचू. मी खालून वर वाचतो, कारण नॉइज बहुतेक खालून, केबली जिथून शिरतात त्या ग्लँड प्लेटमधून, आत येतो आणि बाहेर जातो.

ग्लँड प्लेटही जस्ती आहे. चौकटीवर ती जिथे टेकते तिथला रंग चारही बाजूंनी मास्क करून टाळलेला. कोटिंगच्या आधी तिथे टेप लावला गेला असणार. नंतर ग्राइंडरने खरवडलेल्या रंगाच्या कडा वेगळ्या दिसतात, इथे त्या स्वच्छ आहेत. म्हणजे हा विचार वायरिंगच्या टेबलवर सुचलेला नाही, पत्रा वाकवतानाच झालेला आहे. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

मोटरची केबल शील्डवाली आहे, आणि तिची शील्ड पाहावी अशी सोडवली आहे. बहुतेक पॅनेलांत वायरमन शील्डची जाळी पिळून तिची शेपटी करतो, तिला लग मारतो आणि अर्थ बारला जोडतो. दिसायला नीटनेटकी. पण पंधरा सेंटिमीटरची ती शेपटी तीन मेगाहर्ट्झला जवळजवळ तीन ओहम होते, आणि शेपटीपुरती केबल उघडी पडते ती वेगळीच. इथे बाहेरचं आवरण चार-पाच सेंटिमीटर गोल सोललंय, जाळीला हात न लावता, आणि त्या उघड्या जाळीवर धातूचा रुंद क्लॅम्प बसवलाय. क्लॅम्प जाळीला ३६० अंशांत कवेत घेतो आणि ड्राइव्हच्या अगदी खाली, बोटभर अंतरावर, जस्ती पत्र्यावर बसतो. मोटरच्या टोकाला टर्मिनल बॉक्समध्येही धातूची ईएमसी ग्लँड आहे, जाळीला गोल पकडणारी. मोटरच्या बॉडीवर उतरलेला तो ६ अँपियरचा प्रवाह आता या शील्डच्या आतल्या अंगाने, ज्या तारांतून आला त्यांना लगटून, क्लॅम्पवर येतो, पत्र्यावरून बोटभर चालतो आणि ड्राइव्हमध्ये शिरतो. हॉपरकडे, लोड सेलकडे जायचं त्याला कारणच उरत नाही. आणि हा क्लॅम्प महागही नाही.

हिरवी-पिवळी तार इथेही आहे, आणि दुहेरी आहे. ड्राइव्हचा गळतीचा प्रवाह साडेतीन मिलिअँपियरपेक्षा जास्त असू शकतो, म्हणून एक तुटली तरी दुसरी हवी. तारेचं काम फॉल्टचं, पत्र्याचं काम नॉइजचं. दोघांपैकी एकाने दुसऱ्याचं काम करावं अशी अपेक्षा या पॅनेलात कुठेही नाही.

वर सरकलं की मेन्सचा फिल्टर. फिल्टर ड्राइव्हला लागून, पाठ जस्तावर, आणि त्याच्या आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या तारा दोन विरुद्ध दिशांना नेलेल्या. वाचणाऱ्याने इथे थोडं थांबावं. फिल्टर घेऊन त्याच्या दोन्ही बाजूंच्या तारा एकाच डक्टमध्ये बांधल्या तर नॉइज फिल्टर ओलांडायचे कष्ट न घेता तारेवरून तारेवर उडी मारतो, आणि फिल्टरचे पैसे पाण्यात जातात. मी असे फिल्टर पाहिलेत. वायरिंगचं ड्रेसिंग अप्रतिम, आणि त्या ड्रेसिंगनेच घात केलेला. या पॅनेलात मोटरची केबल आणि लोड सेलच्या तारा कुठेही शेजारून धावत नाहीत. एका ठिकाणी त्यांना एकमेकांना ओलांडावं लागतं, तिथे काटकोनात ओलांडलंय. डक्ट त्यासाठी मुद्दाम तोडून वळवला आहे, त्यामुळे डावीकडची रेषा जराशी बिघडते. मला ती बिघडलेली रेषा सुंदर वाटते.

कॉन्टॅक्टरच्या २४ व्होल्टच्या कॉइलवर डायोड आहेत. कॉइल बंद करताना तिच्यातून शेकडो व्होल्टचा झटका निघतो. डायोड तो जागच्या जागी जिरवतो. दारावर ऑपरेटरचा पडदा, म्हणजे एचएमआय आहे, आणि दार बिजागरीवर टांगलेला धातू आहे, म्हणजे नॉइजच्या दृष्टीने तुटलेला बेटासारखा तुकडा. तांब्याची विणलेली चपटी पट्टी दाराला चौकटीशी जोडते. एक वर, एक खाली. पट्टी लांबीच्या मानाने रुंद असावी, लांबी रुंदीच्या पाचपटीहून जास्त नसावी, हा संकेत पाळलेला दिसतो. बोल्टखाली दातेरी वॉशर आहेत.

चोवीस व्होल्टच्या पुरवठ्याची उणे बाजू एकाच ठिकाणी, काढता येईल अशा लिंकने, पत्र्याला जोडलेली आहे. ती अधांतरी ठेवणारे बरेच जण आहेत. त्यांचं म्हणणं, एक टोक चुकून अर्थला लागलं तरी मशीन थांबत नाही. पण मग दुसरं लागलं की कॉइल आपोआप ओढली जाते आणि मशीन स्वतःहून चालू होतं. लिंक असली तर पहिल्याच फॉल्टला एमसीबी पडतो आणि दोष सापडतो.

लोड सेलच्या शील्डचा प्रश्न सगळ्यात नाजूक. शील्ड एकाच टोकाला जोडावी की दोन्ही, यावर नाशिकच्या कोणत्याही दोन इन्स्ट्रुमेंटवाल्यांत वाद घडवून आणता येतो. एका टोकाला जोडली तर पन्नास हर्ट्झचा फिरता प्रवाह टळतो, पण उच्च वारंवारतेला ती शील्ड अर्धवट राहते. दोन्ही टोकांना जोडली तर नॉइज अडतो, पण दोन टोकांत व्होल्टेजचा फरक असेल तर शील्डमधूनच प्रवाह वाहतो. माझं मत दोन्ही टोकांच्या बाजूने आहे, एका अटीवर: आधी त्या दोन टोकांतला फरकच मिटवा. या पॅनेलच्या कर्त्याने तेच केलंय. पॅनेलपासून हॉपरच्या सांगाड्यापर्यंत केबल ट्रे धातूचा, सलग, प्रत्येक जोडावर पट्टीने जोडलेला. प्रत्येक लोड सेलला वळसा घालून हॉपरपासून सांगाड्यापर्यंत तांब्याची पट्टी, म्हणजे साइटवर वेल्डिंग केलं किंवा वीज कोसळली तरी प्रवाह सेलच्या आतून जाणार नाही. मग शील्ड दोन्हीकडे क्लॅम्पमध्ये. वजनाचा आकडा आता स्क्रू चालू असतानाही शेवटच्या अंकापर्यंत स्थिर राहतो.

दोषही आहेत, आणि ते लपवायचं कारण नाही. इथरनेटची केबल शेवटच्या अर्ध्या मीटरवर ब्रेक रेझिस्टरच्या तारांच्या शेजारून गेली आहे. रेझिस्टर नंतर वाढवला असावा. लोड सेलच्या केबलमधल्या न वापरलेल्या तारा टेप लावून नुसत्या सोडल्या आहेत. त्या एका टोकाला पत्र्याला जोडायला हव्या होत्या. मोकळी तार दोन्हीकडे अधांतरी राहिली की ती बाजूच्या तारांवर नॉइज पोचवते.

पण मला खटकलेली सगळ्यात मोठी गोष्ट पॅनेलमध्ये नाही, त्याच्या ड्रॉइंगमध्ये आहे. ड्रॉइंगमध्ये अर्थ म्हणजे तीन आडव्या रेषांचं चिन्ह. ड्राइव्हखाली एक, फिल्टरखाली एक, मोटरखाली एक. रुंद जस्ती पत्र्यावर पाठ टेकवून बसवलेला ड्राइव्ह आणि दोन मीटर तारेने बारला जोडलेला ड्राइव्ह, या दोन्हींसाठी तेच चिन्ह. शील्डचा क्लॅम्प आणि पिळलेली शेपटी, दोन्हींसाठी तेच. म्हणजे ज्या गोष्टींमुळे हे पॅनेल वाखाणण्याजोगं झालं, त्यातली एकही ड्रॉइंगमध्ये उतरलेली नाही. त्या सगळ्या अंबडच्या कारागिराच्या हातात आणि त्याच्या समजुतीत आहेत. पाच वर्षांनी ड्राइव्ह बदलावा लागेल. येणारा इलेक्ट्रिशियन ड्रॉइंग बघेल, क्लॅम्प अडचणीचा वाटून काढेल, जाळीची व्यवस्थित शेपटी करील आणि अर्थ बारला जोडेल. ड्रॉइंगप्रमाणे त्याचं काम अचूकच असेल, आणि वजनाचा आकडा पुन्हा नाचू लागेल. मी त्या वर्कशॉपवाल्या दादांना सांगितलं आहे की ग्लँड प्लेटच्या मास्क केलेल्या कडा, दोन्ही टोकांचे शील्ड क्लॅम्प, फिल्टरच्या तारांची दिशा आणि दाराच्या पट्ट्या, या चार जागांचे फोटो मापांसकट ड्रॉइंगला जोडा, आणि सामानाच्या यादीत (बीओएममध्ये) क्लॅम्पचा स्वतंत्र आयटम नंबर टाका. पुढच्या दोन पॅनेलांच्या ड्रॉइंगमध्ये त्यांनी ते पान घातलं आहे. सिन्नरच्या या पॅनेलचं पान अजून बाकी आहे.